पुढे सुरुंग आहे

मावशी हसली, आणि भाचीच्या हातातला कप बशीवर टेकता टेकता थांबला. हसण्यासारखं ती काहीच बोलली नव्हती. मावशीला गावी परत न्यायला आज बस येणार होती. उतरल्यावर कुठे जायचं नि कुठे नाही हे ती मावशीला समजावत होती, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला समजावावं तसं, एकेक गोष्ट दोनदा. रस्ता सोडायचा नाही. कुणाच्या बांधावरून आडवं जायचं नाही. आणि पिवळी पाटी दिसली की तिथेच उभं राहायचं. "तुला वाचता येत नाही, पण कुणी ना कुणी वाचून दाखवेल. पाटीवर लिहिलंय, पुढे सुरुंग आहे." त्यावर मावशी हसली. लढाई सुरू झाल्यापासून ती या दोन खोल्यांत राहत होती. सकाळी उठून अंथरुणाची घडी इतकी लहान करायची की जणू त्या घडीबरोबर स्वतःलाही कपाटात ठेवून देणार आहे, आणि मग दिवसभर खिडकीशी बसायची. एवढ्या दिवसांत ती अशी तोंडभर हसली नव्हती. "बरं झालं बाई," मावशी म्हणाली, "सरकारला एवढी तरी अक्कल आली म्हणायची. मागच्या लढाईत कुणी सांगितलं होतं का, सुरुंग कुठे आहे ते? आपलं आपणच शोधलं. आता पाट्याच लावल्या म्हणजे धावायला बरं."

धावायला. हा एकच शब्द तिच्या कानात राहिला, बाकीचं वाक्य तसंच पुढे निघून गेलं. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं, नळाखालची बादली भरून वाहू लागली, आणि ती कप हातात धरून उभी राहिली. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते अजून डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. ती सरकारच्या माहिती खात्यात भाषांतरकार होती. पाणी कधी येणार नाही, लिफ्टमध्ये किती माणसांनी चढावं, कुत्रा चावला तर काय करावं, अशी शहरात भिंतीभिंतीवर लावलेली वाक्यं तिची होती. त्यांच्याखाली तिचं नाव नसे, पण लोक ती वाचत आणि तसं वागत. बसस्टॉपवर उभं असताना एखादा माणूस आपलं वाक्य वाचून दोन पावलं मागे सरकतो हे पाहण्यात तिला एक चोरटा आनंद होई, तो तिने आजवर कुणाला सांगितला नव्हता. पाटीची ओळही तिचीच. सैन्याच्या जाड पुस्तकातून, दोन कामांच्या मधे, पेन न उचलता लिहिलेली. शब्दकोश टेबलावर होता, पण तो उघडायची गरजच काय? सुरुंग म्हणजे सुरुंग. डोंगर फोडायला लावतात तो. जमिनीत पुरून ठेवतात तो. वर्तमानपत्रात रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी खुर्चीखाली लावत असतं तो. एवढ्या साध्या शब्दाला कोण अडखळतं?

आणि तरी तो शब्द तिचा नव्हता. ती जन्मली त्या गावात सुरुंग म्हणजे जीव वाचवायची जागा. आई तिच्या बाळंतपणातच गेली. मावशीनं आणि काकांनी तिला वाढवलं, सीमेजवळच्या त्या गावात, जिथे दर दोन-चार घरांमागे एकाच्या कोठाराखाली सुरुंग होता. मोठं माणूस वाकून जाईल एवढं भुयार, तोंडावर दगडी झाकण, झाकणावर कडब्याचा ढीग. मागच्या लढाईत ती सहा वर्षांची होती. मावशीनं तिला काखेत मारून खाली उतरवलं तेव्हा पायाला लागलेली ती ओली, थंड, बेडकाच्या पाठीसारखी माती तिला आत्ता, या फरशीवर उभं असताना, तळव्याला जाणवली. आतला अंधार डोळे मिटल्यावर दिसतो त्याहून दाट होता. वर हवेसाठी बांबूची एक नळी बसवलेली होती, आणि वारा सुटला की ती वाजायची. एकच लांब, पातळ सूर. ती घाबरून मावशीला बिलगली तेव्हा मावशी कानात पुटपुटली होती, "वाजतंय तोवर हवा आहे. तू नुसतं ऐक." ती ऐकत राहिली होती. वरून दगड सरकल्याचा आवाज आला, मग कडबा पसरल्याची खसखस, मग बुटांचे आवाज, पुष्कळ बूट. झाकण आतून लावता येत नसे. ते बाहेरून कुणीतरी लावावं लागे. काकांनी लावलं. त्यानंतर काका कुणाला दिसले नाहीत. मावशीनं कुंकू पुसलं नाही, की कुणापुढे रडली नाही. कुणी विचारलंच तर एवढंच म्हणे, "ते बाहेर राहिले."

मग दहाव्या वर्षी तिला शहरात शिकायला पाठवलं, आणि वर्गातल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या. तिने आपले शब्द एकेक करून बदलले, फाटके कपडे बदलावेत तसे, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा बेताने. सुरुंग त्यातलाच एक. त्या जागेला इथे भुयार म्हणतात, आणि सुरुंग म्हणजे स्फोट, हे तिने पाठ केलं आणि पुढे पाठ केल्याचंही विसरून गेली. "मावशी," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला पाटीवरच्या अक्षरांसारखा वाटला, "पाटीवरचा सुरुंग तो नाही. शहरात सुरुंग म्हणजे बॉम्ब. जमिनीत पुरलेला. पाय पडला की उडतो." मावशीचं हसू ओसरलं. तिने भाचीकडे पाहिलं, ओळखीच्या चेहऱ्यावर नवा डाग दिसावा तसं. "सुरुंगाला असं बोलू नये, चिंगे," ती म्हणाली. "त्यानं तुला वाचवलंय." "मी बोलत नाही गं. शब्दच तसा आहे." "कुणाचा शब्द?" मावशीनं विचारलं. मावशीनं गाठोडं उचललं, दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि बसच्या थांब्यापर्यंत तिच्यापुढे दोन पावलं चालत राहिली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावरही तिने मान वळवली नाही. आत सगळी गावाकडची माणसं होती, गाठोडी, डबे, पिंजऱ्यातली कोंबडी, आणि लग्नाला निघाल्यासारखा गलका. "उतरल्यावर पाट्या बघा बरं का," दारातला कंडक्टर ओरडून सांगत होता. "पिवळ्या पाट्या! त्यावर सगळं लिहिलंय!" ते ऐकेपर्यंत बस सुटली, आणि ती ऑफिसकडे पळाली.

ऑफिसच्या जिन्यावर तिची चप्पल निसटली, ती हातात घेऊनच ती साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब पूर्वी सैन्यात होते. कुठल्याशा स्फोटात त्यांचा डावा कान गेला होता, म्हणून बोलणाऱ्याकडे ते उजवा गाल करून बसत, आणि त्यामुळे ते सदैव कुणाच्या तरी बोलण्यावर संशय घेत आहेत असं वाटे. तिने सगळं सांगितलं, धापा टाकत, निम्मं उलटसुलट. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाले, "शब्दकोशात काय आहे?" "शब्दकोशात बरोबर आहे, साहेब. पण तिथे कोण शब्दकोश घेऊन राहतं?" "कवटी आहे ना पाटीवर? कवटी कळते की सगळ्यांना." "कवटी आहे, आणि तिच्याखाली बाण आहे," ती म्हणाली. बाण साहेबांनीच घालायला लावला होता, धोका कुठल्या बाजूला ते कळावं म्हणून. "इथे मरण आहे, आणि बाणाच्या दिशेला सुरुंग आहे. त्या माणसांनी असं वाचलं तर?" साहेबांनी हातातली पेन्सिल आडवी ठेवली. "पाट्या पहाटेच गेल्या," ते म्हणाले. "लागल्याही असतील. आणि मी बस थांबवू शकत नाही, बाई. थांबवली तर ही माणसं चालत जातील. पेरणी तोंडावर आलीय. आपली परवानगी मागतंय कोण? पाट्या काढल्या तर बिनपाटीच्या शेतात जातील, ते बरं?" ते वेडंवाकडं काही बोलत नव्हते. तेच तर वाईट होतं. त्यांच्यावर चिडता आलं असतं तर तिला जरा श्वास घेता आला असता. "जीप घ्या," शेवटी ते म्हणाले. "रंगाऱ्याला बरोबर घ्या. बसच्या मागोमाग पोचा आणि पहिल्या गावापासून पाट्या बदलत जा. मी पुढे वायरलेसवर कळवतो, लागला तर." ती वळली तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "पण लिहिणार काय?"

जीपमध्ये रंगारी मागे डबे सांभाळत बसला होता. बोलका माणूस, पण आज गप्प. वळणावर डबे एकमेकांवर आपटले की तो त्यांनाच दटावी, "गप रे, गप." टर्पेंटाइनच्या वासाने तिचं डोकं भणभणत होतं. शहर सुटलं, कारखाने सुटले, मग जळलेली झाडं सुरू झाली, आणि ती शब्द शोधत होती. भूसुरुंग? म्हणजे जमिनीतला सुरुंग. त्यांच्या लेखी सुरुंग जमिनीतच असतो, आणखी कुठे असणार? बॉम्ब? बॉम्ब त्यांच्या डोक्यावर आभाळातून पडला होता. बॉम्ब वाचला की ती माणसं वर बघतील, आणि वर बघून खाली सुरुंगात धावतील. स्फोटक पदार्थ? तो शब्द रेल्वेच्या डब्यात लिहिलेला असतो, त्याला कुणी घाबरत नाही. इथे मृत्यू पेरला आहे? एखाद्या गाण्याची ओळ वाटते, कुणी टाळीही देईल. कॉलेजात तिला भाषेचा इतिहास शिकवणारे एक म्हातारे प्राध्यापक होते, एकच कोट वर्षभर घालणारे. त्यांनी एका दुपारी, निम्मा वर्ग पेंगत असताना, हाच शब्द फळ्यावर लिहिला होता. हा आपल्याकडे फार लांबून आला असं विद्वान मानतात, ते म्हणाले होते, ग्रीकांच्या भाषेतून संस्कृतात, आणि संस्कृतातून आपल्यापर्यंत. तिकडे मुळात तो वेळूच्या नळीला म्हणत. मेंढपाळ वाजवतो त्या पाव्याला. मग कुठल्याही पोकळ नळीला. मग जमिनीखालच्या नळीसारख्या वाटेला. पुढे किल्ले पाडणारे आले. त्यांनी तटाखाली ती वाट खणली आणि तिच्यात दारू ठासली, आणि वाटेचं नाव दारूला पडलं. "आता तर वाटही राहिली नाही," प्राध्यापक हातांवरची खडूची पूड झाडत म्हणाले होते, "नुसती दारू उरली. नाव मात्र पाव्याचं." तेव्हा तिला ते फार सुंदर वाटलं होतं. दारू पेरणारा आणि पावा वाजवणारा एकाच शब्दात राहतात, एकमेकांना न भेटता, असं काहीतरी तिने वहीच्या कडेला लिहिलंही होतं. बांबूच्या नळीचा तो सूर तिला त्या दुपारी आठवला नव्हता. तो आत्ता आठवला. म्हणजे मावशीच बरोबर होती. ज्या भाषेतून शब्द निघाला तिच्याशी अजून मावशीचंच नातं होतं, आणि बाकी सगळे वाटेत कुठेतरी दारू भरून घेऊन पुढे आले होते. पण बरोबर असून उपयोग काय? बरोबर असलेली माणसंच आज बाणाच्या दिशेने चालली होती.

बस दिसली ती रस्ता जिथे खचला होता तिथे, गावाच्या अलीकडच्या वळणावर. पुढे चालतच जायचं होतं. माणसं उतरून गाठोडी डोक्यावर घेत होती, कुणी वाकून माती हातात घेऊन पाहत होतं, आणि वळणाच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पिवळी पाटी उभी होती. कोऱ्या रंगावर ऊन चमकत होतं. कवटी. बाण. आणि तिची ओळ, सुबक, ठसठशीत, लांबून वाचता येईल अशी. पाटीपलीकडे गवत माजलेलं एक शेत पसरलं होतं, इतकं शांत की त्यात काही असेल यावर तिचाही विश्वास बसेना. जीप अजून थांबायची होती, तोच टेकडीमागे स्फोट झाला. सैन्याची माणसं सापडलेले सुरुंग तिकडे नेऊन उडवत होती, हे तिला माहीत होतं, साहेबांनी सांगितलं होतं. या माणसांना कुणी सांगितलं होतं? रस्त्यावरची सगळी डोकी एकदम खाली गेली. क्षणभर काहीच हललं नाही. मग कुणीतरी ओरडलं, "पाटी! पाटी बघा!" आणि गर्दी वाकली, जसं वाऱ्याने पीक वाकावं, आणि बाणाच्या बाजूला पळत सुटली. तिने जीपमधून उडी टाकली. गुडघा फुटला ते तिला नंतर कळलं. थांबवायचं होतं, त्यांना सांगायचं होतं, आणि सबंध वाटभर शोधलेले सगळे शब्द तिच्या तोंडातून एकाच वेळी बाहेर पडायला गेले नि त्यातला एकच निघाला, सर्वांत जुना, सर्वांत जवळचा. "सुरुंग आहे!" ती जीव तोडून ओरडली. "अहो, पुढे सुरुंग आहे!"

माणसं आणखी जोरात धावली. एका म्हाताऱ्याने पळता पळता तिच्याकडे पाहून मान डोलावली, आभार मानावेत तशी. सगळ्यांत पुढे गावच्या सुताराची बायको होती, डोक्यावर गाठोडं, हातात कळशी. ती बांध ओलांडून गवतात उतरलीसुद्धा. तेवढ्यात बसच्या दारातून मावशीचा आवाज आला. मावशी शेवटच्या पायरीवर उभी होती, दांड्याला धरून, आणि तिचा आवाज म्हातारीचा नव्हता. गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरल्यावर बाई ज्या आवाजात ओरडते, तो होता. "सुरुंग नाही! ए! तिथं सुरुंग नाही! माझं शेत आहे ते, मला माहितेय, तिथं सुरुंग कधीच नव्हता!" धावणारी माणसं अडखळली. "खोटी आहे पाटी! मागं फिरा! तिथं गेलेलं कुणी वाचत नाही, तिथं सगळं उघड्यावर आहे, बाहेर!" गर्दी बांधाच्या अलीकडे थांबली. एकाने दुसऱ्याचा सदरा धरला. फक्त सुताराची बायको आत होती, गुडघाभर गवतात, आणि तीही थांबली होती, एक टाच उचललेली, मागे वळून मावशीकडे बघत.

आता भाचीला शब्द सापडले, कारण ते कुणा वस्तूचे नव्हते, पायांचे होते. "ती टाच तशीच खाली टेका," ती म्हणाली. ओरडली नाही. बांधाशी जाऊन, कुणाच्या उशाशी बसून बोलावं तसं म्हणाली. "आता वळू नका. नुसती मान फिरवून मागं बघा, गवत दबलंय ना? तुमचीच पावलं आहेत ती. पुन्हा त्यांच्यातच पाय ठेवत उलटं या. घाई नाही. कुठलीच घाई नाही." "काय आहे गं इथं?" सुताराच्या बायकोने विचारलं. "सांगते. आधी या." कळशीतलं पाणी तिच्या पदरावर सांडत होतं. ती पायाने मागे चाचपे, पाऊल टेकवी, दुसरं उचले. एकदा तिचा तोल गेला, आणि बांधावरच्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतला. बांधाशी उभ्या भाचीने तो आवाज आयुष्यात दुसरीकडे कुठे ऐकला नव्हता. मग सुताराची बायको बांधाला टेकली, आणि चार हातांनी तिला ओढून वर घेतलं. ती रस्त्यावर मटकन बसली आणि कळशी घट्ट छातीशी धरून हसू लागली, आणि हसता हसता तिला उलटी झाली.

मावशी बसच्या पायरीवरच बसून राहिली होती. आता ती पुन्हा म्हातारी दिसत होती, घरच्या खिडकीशी दिसायची त्याहून म्हातारी. भाची मावशीजवळ गेली आणि खाली बसली, रस्त्यावर, फुटका गुडघा लांब करून. "खरंच खोटी आहे का गं पाटी?" मावशीनं हळू आवाजात विचारलं. "नाही," ती म्हणाली. "मला वाटलंच," मावशी आपल्या शेताकडे बघत म्हणाली. "मग मी खोटं बोलले की काय सगळ्यांना?" "नाही. तूही खोटं नाही बोललीस." टेकडीमागे आणखी एक स्फोट झाला. या वेळी सगळ्यांनी भाचीकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि तिने त्यांना सांगितलं, शक्य तितकं सोपं, हातांनी दाखवून: केवढं असतं, किती खोल पुरतात, वर गवत कसं उगवतं, आणि टेकडीमागे काय चाललंय. नाव सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. म्हाताऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "मग आता पेरायचं कुठं?"

रंगाऱ्याने दरम्यान पाटीवर पिवळ्याचा जाड हात मारून तिची ओळ बुजवली होती. बाणही बुजवला. अक्षरं ओल्या रंगाखालून अजून किंचित दिसत होती. त्याने काळ्यात ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळवला आणि तिच्याकडे पाहिलं. "बोला बाई. काय लिहू?" "लिहा," ती म्हणाली, "इथे पाय ठेवला तर मराल." रंगाऱ्याने मान हलवली आणि पहिल्या अक्षराची रेघ धरली. "काय लिहितोय तो?" मावशीनं मागून विचारलं. तिने वाचून दाखवलं. मावशीनं नाक मुरडलं. "मराल नको." "का?" "मरणाला इथं कोण भितं, चिंगे? मरणार शेजारचा, असं धरूनच चालतो प्रत्येकजण." ती दांड्याला धरून उठली, हळूहळू चालत पाटीपर्यंत आली आणि न वाचता येणाऱ्या त्या कोऱ्या पिवळ्या जागेकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "पाय जाईल, असं लिही. तुझा पाय जाईल. पायाशिवाय कसं जगायचं, ते कळतं माणसाला."

रंगाऱ्याने ब्रश उचलून धरला, थेंब पडू नये म्हणून खाली हात धरला, आणि दोघींपैकी कुणाचं ऐकायचं ते कळेना म्हणून थांबला. "मावशी सांगते ते लिहा," ती म्हणाली.